व्यापारी व शेतकरी जोतीराव

आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात तथागतांच्या मूर्तीच्या उजव्या बाजूस महात्मा जोतीराव फुले यांची तसबीर आहे. दरवर्षी ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन दिवशी तिला हार घातला जातो आणि मुलेमुली भाषणे करतात. त्या भाषणांत भिडेवाडा येतो, सावित्रीमाईंच्या अंगावर फेकलेले शेण येते, सत्यशोधक समाज येतो, अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद येतो. ही भाषणे बहुतेक वेळा आम्हीच लिहून दिलेली असतात. ती खोटी नाहीत, परंतु त्यांत एक गोष्ट कधीही आली नाही. जोतीराव व्यापारी होते, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगितलेच नाही. इतिहास हा आमच्या अभ्यासाचा विषय असूनही आमच्या हातून ही उणीव राहिली. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती थोडीफार भरून काढावी, असा या लेखाचा हेतू आहे.

सन १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीने मिळावे, शेतकऱ्यांच्या करांतून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावरच खर्च होऊ नये, ही त्यांची मागणी सर्वांस ठाऊक आहे. त्या निवेदनावर त्यांनी स्वतःचा परिचय कसा दिला, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मुलींची पहिली शाळा काढून त्यांना ३४ वर्षे झाली होती. सत्यशोधक समाज स्थापून ९ वर्षे झाली होती. तरीही स्वतःच्या नावापुढे त्यांनी शाळांचे संस्थापक असे लिहिले नाही, ग्रंथकार असेही लिहिले नाही. व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी ओळख देऊन त्यांनी खाली जुना गंज पेठ हा पत्ता घातला. सर्वांत आधी व्यापारी.

हा शब्द त्यांनी उगाच लिहिला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

जोतीरावांच्या घराण्यास धंदा नवा नव्हता. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. आजोबा शेटिबा परिस्थितीच्या रेट्याने पुण्याकडे आले. त्यांच्या मुलांनी फुलांच्या कामात हात बसविला आणि दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी फुलांचे हार, गजरे, गाद्या पुरविण्याचे काम त्यांना मिळाले. त्यावरूनच फुले हे नाव पडले आणि ३५ एकर जमीन इनाम मिळाली. पुढे थोरले बंधू राणोजी यांनी ते सारे इनाम स्वतःकडे घेतले व धाकट्या भावांच्या वाट्याला काही राहिले नाही. धाकटे गोविंदराव, म्हणजे जोतीरावांचे वडील, यांनी भाजीपाल्याचे व फुलांचे दुकान घातले आणि स्वतःच्या कष्टावर घर सावरले. सन १८२७ मध्ये जोतीरावांचा जन्म झाला तेव्हा पेशवाई बुडून ९ वर्षे झाली होती. आई चिमणाबाई ते अगदी लहान असतानाच गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढविले.

इनाम एका रात्रीत दुसऱ्याच्या नावे होऊ शकते, दुकान मात्र आपल्या हाताने पुन्हा उभे करता येते, हे या मुलाने वडिलांकडे पाहूनच शिकले असावे. अर्थात दुकानदार बापालाही भीती होतीच. दुकानातील एका ब्राह्मण कारकुनाने कान भरले की शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, आणि गोविंदरावांनी जोतीरावांना शाळेतून काढून मळ्यात पाठविले. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण पुरे झाले.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. त्या काळी इंग्रजी जाणणारा माणूस दुर्मीळ होता. कचेऱ्या नव्याने उघडत होत्या आणि त्यांना कारकून हवे होते. माळी समाजातील इंग्रजी शिकलेल्या तरुणाने सरकारी नोकरी धरली असती, तर साऱ्या आळीने त्याचे कौतुक केले असते. जोतीरावांनी ती वाट धरली नाही. मित्रमंडळींसह टॉमस पेन यांचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक वाचून त्यांच्या मनात जे पेटले होते, ते कचेरीच्या चाकोरीत मावणारे नव्हते. सन १८४८ मध्ये ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला आणि त्याच वर्षी त्यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली.

पुढील प्रसंग आपल्या मुलांना पाठ आहे. समाजाच्या धाकाने गोविंदरावांनी १८४९ मध्ये मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. भाषणात येथे टाळ्या पडतात आणि आपण पुढे जातो. परंतु संसार चालविणाऱ्या माणसाने येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. त्या रात्रीनंतर चूल कशावर पेटली? वय अवघे २२ वर्षांचे. शाळेचे काम विनावेतन. घर दुसऱ्याचे. वडिलांच्या दुकानाचा आधार तुटलेला. ज्याला आपण क्रांती म्हणतो, तिला दोन वेळचे पीठ लागत होते. हा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारला नाही, आणि म्हणूनच आमच्या मुलांना जोतीराव हे हवेवर जगणारे महापुरुष वाटत आले.

शाळा तर वाढत गेल्या. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत, १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. शाळांसाठी कमिट्या होत्या, देणग्या होत्या, काही सरकारी साहाय्य होते. सन १८५४ मध्ये त्यांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिक्षकाचे काम पत्करले. मग १८५७ चे बंड झाले. युरोपीय देणगीदारांचा ओघ आटला, सरकारचा हात आखडला आणि कमिटीतही मतभेद झाले. पहिल्या शाळा पाहता पाहता बंद पडल्या.

आपल्या संस्थेच्या जुन्या कार्यकर्त्यांना या ओळी वाचून काही आठवेल. अनुदानाचा हप्ता लांबला की भात पातळ होत असे, ते दिवस त्यांनी पाहिले आहेत. दुसऱ्याच्या देणगीवर उभे राहिलेले काम देणाऱ्याची मर्जी बदलली की डळमळते. जोतीरावांना हा धडा तिशीच्या आतबाहेर मिळाला. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहावा. सन १८६३ मध्ये त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला. आणि त्याच १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तेथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल तेथे ठेवून जावे किंवा बरोबर न्यावे. तेथील बाळंतपणांचा व बाळांच्या दुधाचा भार त्या पतिपत्नींच्या घरावर होता. एकाच वर्षी एका हाताने धंदा आणि दुसऱ्या हाताने हे गृह. या दोन गोष्टी चरित्रग्रंथांतून वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आम्हांस त्या एकाच वहीच्या जमा आणि खर्च या दोन बाजू वाटतात.

ओतकामाचे साहित्य विकणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाने समजून घ्यावे. गिऱ्हाईक म्हणजे कारागीर. त्याच्या आळीत जायचे, त्याला काय लागते ते विचारायचे, माल कोठून आणावा याची माहिती काढायची, उधारीचा हिशेब ठेवायचा आणि ती वसूल करायची. मिशन शाळेत इंग्रजी शिकलेला, सरकारने शालजोडी देऊन गौरविलेला माणूस हे करीत होता. लोक काय म्हणतील, हा विचार त्याच्याही मनात आला असेल. एकेकाळी ज्याच्या सत्काराला पुणे लोटले, तो आता विकायला बसला, असे म्हणणारे पुण्यात कमी नसतील. पण ज्याच्या पत्नीने शाळेत जाताना अंगावर शेण झेलून वाटेत लुगडे बदलले, त्याच्यावर कुजबुजीचा काय परिणाम होणार?

पुढे जोतीराव बांधकामाच्या कंत्राटांत उतरले. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात असताना त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरविले. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचे बांधकाम यांच्याशीही कंत्राटदार म्हणून त्यांचे नाव जोडले जाते. दगड, चुना, मजूर, गाड्या, बैल, हजेरीपट हे त्यांचे रोजचे जग झाले. मांजरीला त्यांनी जमीन घेतली आणि तेथे शेती केली. व्यापारी व शेतकरी ही दोन्ही विशेषणे अशी कमावलेली होती.

कंत्राटाचे काम त्यांना केवळ पैसा देऊन गेले नाही. बांधकाम खात्यात मजुरांच्या हजेरीत कशी लबाडी होते, कोणाच्या सहीला किती मोजावे लागतात, अज्ञानी मजूर अंगठा उठवून कसा नागवला जातो, हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले. म्हणून १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी' या ग्रंथात इंजिनियर खात्यातील कारभारावर एक पवाडाच आला आहे. ज्या खात्याकडून बिले निघायची, त्याच खात्याची लबाडी छापून काढायची, हे धाडस पगारी माणसाकडून झाले नसते. नोकरीत असता तर त्याची बदली झाली असती किंवा त्याला घरी बसविले असते. कंत्राटदाराचे एक कंत्राट जाते, दुसरे मिळविता येते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा त्याला एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा मुलांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ही मान ताठ राहिली, याचे एक कारण त्यांच्या वहीत होते, असे आम्ही मानतो.

आता हे सारे आम्ही या वर्षीच का सांगत आहोत?

गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास येणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानी येते. पोलीस भरतीची तीन वर्षे गेली, तलाठ्याची परीक्षा दोन गुणांनी हुकली, शिक्षक भरती निघतच नाही. वय उलटत चालले आहे. मग घरची दोन एकर कोरडवाहू आहे, तिला जोडधंदा का करीत नाहीस, असे विचारले की मुलगा खाली पाहतो. शेळ्या पाळाव्यात तर शिकून शेळ्याच राखायच्या होत्या का, असे गाव म्हणते. गावात पिठाची गिरणी टाकावी तर आपल्या हातचे पीठ कोण घेईल, असे घरचेच म्हणतात. तुतीची लागवड करून रेशीम कोष काढावेत, जालन्यात कोषांची बाजारपेठही आहे, तर ते आपले काम नव्हे, असे मन म्हणते. आणि सर्वांत खोल बसलेला विचार असा की धंदा म्हणजे नफा, नफा म्हणजे कोणाची तरी लूट, आणि आपण बाबासाहेबांची लेकरे, आपण ते कसे करावे?

यातील एकही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्या मुलाच्या मनातील भिंत त्याने स्वतः बांधलेली नाही. शेकडो वर्षे शूद्रातिशूद्रांना धनसंचय निषिद्ध होता. जे सांगितले ते काम करावे आणि जे दिले ते घ्यावे, हीच रीत होती. महाराने बलुते मागावे, तराजू धरू नये. ती भिंत बाहेर होती, मग ती आत आली. आमची पिढी वसतिगृहातून शिकून नोकरीत गेली, तिने नोकरीला देव केले आणि त्या आतल्या भिंतीला आणखी दोन थर चढविले, हेही येथे कबूल केले पाहिजे. सायकलची दुरुस्ती उत्तम करणाऱ्या एका मुलास आम्ही दहावीनंतर रागावलो होतो, की हे उद्योग सोड आणि परीक्षांचे अर्ज भर. त्याने अर्ज भरले, अनेक भरले. आज तो दुसऱ्याच्या दुकानात पगारावर आहे. तो भेटला की नमस्कार करतो आणि आम्हांस ओशाळल्यासारखे होते.

बाहेरची भिंतही खोटी नव्हती, हे बाबासाहेबांच्याच आयुष्यावरून दिसते. कोलंबियातून परतून बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली. अर्थशास्त्राचा एवढा मोठा जाणकार दुसरा मिळणे कठीण, पण सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. पेढी बंद करावी लागली आणि १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याला हात लावला म्हणून मार बसला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान घालण्यास पैसे दिले. दुकान निघाले, पण चहा प्यायला कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून सर्वांदेखत चहा पिऊ लागले. म्हणजे अडचण मनाची होती हे खरे, परंतु ती दोन्ही बाजूंच्या मनांची होती. माळी असलेल्या जोतीरावांपेक्षा आपल्या माणसाची वाट अधिक काट्यांची होती, हे विसरून त्यांचे उदाहरण मुलांच्या डोक्यावर आदळणे अन्यायाचे होईल. आज जालन्याच्या मोंढ्यात कोणी जात विचारून माल घेत नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. पण पीठ चांगले दळले तर रांग लागते, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

नफ्याविषयीच्या शंकेचे उत्तर मात्र आपल्या घरातच आहे. संबोधीनंतर तथागतांना प्रथम अन्नदान करून शरण गेलेले तपुस्स आणि भल्लिक हे दोघे व्यापारीच होते. जेतवन विहार देणारा अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा श्रेष्ठी होता. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, एवढे भगवंतांनी सांगितले. व्यापारच करू नये, असे सांगितले नाही. उलट सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन धंद्यात घालावेत आणि एक अडीअडचणीसाठी राखावा, असा उपदेश आहे. आणि हे दूरचे तरी कशाला? आपल्याच जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनच्या उपासक-उपासिकांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. भोकरदनच्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीशी जुळते, इतका त्या गावाचा व्यापार दूरवर पसरलेला होता. केळना नदीच्या काठी राहणारे ते कारागीर आणि व्यापारी बौद्ध होते आणि दानही देत होते. आपला धंद्याशी संबंध नाही, असे म्हणणाऱ्या भोकरदनच्या मुलाला आम्ही आता हे सांगतो.

जोतीरावांकडे परत वळू. त्यांच्या व्यापाराचा एक गुण असा की तो एकट्याचा राहिला नाही. मुंबईत बांधकामाची मोठी कंत्राटे घेणारे तेलुगू समाजातील रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही मंडळी सत्यशोधक समाजात आली आणि समाजाच्या कामाला पैसा देत राहिली. त्यांच्या मंडळीने समाजास मुद्रणयंत्र भेट दिले. सन १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधु' पत्र सुरू केले, १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाती घेतले. बहुजनांचे वर्तमानपत्र निघाले त्यामागे अशा धंदेवाल्या माणसांचाही पैसा होता. सत्यशोधक समाजाचा इतिहास लिहिताना आपण विचारांचे नाव घेतो, ते घ्यावेच, परंतु कागद, शाई आणि टपालखर्च कोठून आला हेही लिहावे.

त्याच काळात १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. जोतीरावांनी धनकवडी येथे उपासमार होणाऱ्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला आणि सावित्रीमाईंनी तेथील भाकऱ्यांची व्यवस्था पाहिली. आमच्या जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातील ज्या पालकांची मुले आपल्या वसतिगृहात राहतात, त्यांतील कित्येक जण दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. दुष्काळ काय असतो हे त्यांना सांगावे लागत नाही.

सन १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ पुरा झाला. त्यातील शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन आपण अभ्यासक्रमात वाचतो. परंतु त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात जोतीरावांनी उपायही सुचविले आहेत. ओढ्यानाल्यांवर बंधारे घालावेत, पाऊस वाहून जाताना माती अडवावी, चांगल्या जातीची जनावरे व मेंढ्या आणून त्यांची पैदास वाढवावी, शेतीची प्रदर्शने भरवून उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शेतीशाळा पाहण्यास पाठवावे. आज सरकारी पत्रकात आढळणारी जोडधंद्यांची आणि पाणलोटाची यादी ती हीच, आणि ती १४० वर्षांपूर्वीची आहे. ती लिहिणारा माणूस मांजरीच्या शेतात स्वतः उभा राहिलेला होता. लग्नकार्यात कर्ज काढून बुडणाऱ्या कुणब्यावर त्यांनी ओढलेले आसूड तर आजही पाठीवर उठतील. लग्नाला सहा लाख निघतात आणि गिरणीसाठी सव्वा लाख निघत नाहीत, असे घर प्रत्येकाच्या ओळखीत असेल.

त्यांचा व्यवसाय अखेरपर्यंत भरभराटीत राहिला, असे मात्र नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यातील सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोन महिन्यांतच, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला. ज्या हाताने हिशेब लिहिले तो हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहून पुरे केले. घरात पैसा उरला नव्हता. मामा परमानंद यांनी महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या कुटुंबास साहाय्य करण्याची विनंती केली आणि महाराजांनी ती मानली.

पालकांपैकी कोणी म्हणेल की पाहा, शेवटी दुसऱ्यापुढे हात पसरण्याचीच वेळ आली. आम्ही त्यांना जमाखर्च पुन्हा पाहण्यास सांगू. या माणसाची गंगाजळी धंद्यात बुडाली नाही, सट्ट्यात गेली नाही, व्यसनात गेली नाही. ती बाळंतिणींच्या खाटांवर, दुष्काळातील भाकऱ्यांवर, छपाईच्या कागदावर आणि शाळेतील पाट्यांवर खर्च झाली. सिगालोवाद सुत्तातील चौथा भाग, अडीअडचणीचा, त्यांनी स्वतःसाठी राखला नाही, एवढीच त्यांची चूक म्हणता येईल. आपल्या मुलांनी तो राखावा, असे आम्ही जरूर सांगतो.

मुलाचे नाव यशवंत. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या त्या ब्राह्मण विधवेच्या बाळाला या दांपत्याने दत्तक घेतले होते, आणि १८८७ च्या मृत्युपत्राने जोतीरावांनी त्याला आपला वारस ठरविले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरले. त्यांनी समाजाचे काम पुढे चालविले आणि १८९३ मध्ये सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. यशवंत डॉक्टर झाले. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा मायलेकांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस मोकळ्या माळावर दवाखाना घातला. सावित्रीमाई रोग्यांना स्वतः आणून तेथे पोहोचवीत होत्या. त्यांतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दवाखाना त्या वेळीही चालू होता.